जुन्या गार्डन ट्रॅक्टरचं चार्जिंग बिघडलंय? रेग्युलेटर विकत घेण्याआधी या क्रमाने तपासा

सकाळी चावी फिरवली, सेल्फने नुसतं ‘टक’ केलं आणि गाडी गप्प. असं दोन-तीनदा झालं की बहुतेक जण आधी नवा रेग्युलेटर (चार्जिंगचा व्होल्टेज आवरणारी डबी) आणतात. त्याने फरक पडला नाही की नवी बॅटरी आणतात. महिन्याभरात तीही उतरते आणि मग सगळं वायरिंग उचकटलं जातं. दोष मात्र अनेकदा गंजलेल्या एका बोल्टखाली असतो.

या कामाचा क्रम ठरलेला आहे: आधी बॅटरी, मग जोडण्या आणि अर्थिंग, मग चालू इंजिनवरचा व्होल्टेज, मग चार्जिंग कॉइल, आणि रेग्युलेटर सगळ्यात शेवटी. रेग्युलेटर शेवटी का? घरच्या साधनांनी त्याची थेट खात्रीशीर चाचणी होत नाही. बाकी सगळं ठीक आहे हे सिद्ध झालं की उरतो तो दोष रेग्युलेटरचा. आधीची एकही पायरी गाळली तर हा निष्कर्ष काढता येत नाही.

## तयारी

डिजिटल मल्टिमीटर लागेलच. त्यात डीसी व्होल्ट, एसी व्होल्ट, ओहम, डायोड आणि १० अँपिअर या पाचही रेंज हव्यात. शिवाय बॅटरी चार्जर, तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, पाने, बारा व्होल्टचा बल्ब लावलेला टेस्ट लॅम्प, दोन्ही टोकांना क्लिप असलेली हातभर जाड वायर आणि वही-पेन. वही हवीच, कारण पुढच्या प्रत्येक टप्प्यात आधीच्या आकड्याशी तुलना करायची आहे.

मीटरमधला सेल नवा घाला. सेल उतरलेला असेल तर अनेक मीटर खऱ्यापेक्षा जास्त व्होल्टेज दाखवतात, आणि धडधाकट रेग्युलेटर ‘ओव्हरचार्ज करतोय’ म्हणून काढून टाकला जातो. काम सुरू करताना दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवून ओहम रेंजवर काय दिसतं तेही लिहून ठेवा. साधारण ०.२ ते ०.५ ओहम येईल. तो मीटरच्या स्वतःच्या वायरींचा विरोध आहे आणि नंतर वजा करावा लागेल.

सावधान:
- अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. बॅटरीच्या दोन टोकांमध्ये धातू अडकला की क्षणात लाल होतो.
- चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो. जवळ ठिणगी किंवा ज्योत नको.
- इंजिन चालू ठेवून चाचण्या करायच्या आहेत, म्हणून ट्रॅक्टर उघड्यावर घ्या, पार्किंग ब्रेक लावा, गवत कापायची पाती बंद ठेवा. सैल कपडे आणि मोकळे केस पट्ट्यापासून दूर.
- बॅटरी सोडताना निगेटिव्ह आधी, जोडताना निगेटिव्ह शेवटी.
- इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून ‘चार्जिंग येतंय का’ बघायचं नाही. ही जुनी सवय फार महाग पडते. बॅटरी सुटली की व्होल्टेज एकदम उसळतो आणि रेग्युलेटरमधला सेमीकंडक्टर जळतो.

## टप्पा १ : तुमच्या ट्रॅक्टरवर कोणती पद्धत आहे ते ओळखा

इथे चूक झाली तर पुढचे सगळे आकडे चुकीच्या अर्थाने वाचले जातात. जुन्या गार्डन ट्रॅक्टरवर साधारण तीन प्रकार भेटतात.

पहिला प्रकार रेग्युलेटर असलेला. फ्लायव्हीलच्या आतल्या कडेला मॅग्नेट असतात, त्यांच्या आत इंजिनला घट्ट बसवलेली चार्जिंग कॉइल म्हणजे स्टेटर असतो. त्यातून दोन वायरी बाहेर येतात आणि ॲल्युमिनियमच्या, उभ्या पट्ट्या (फिन) असलेल्या चपट्या डबीत जातात. हीच डबी रेग्युलेटर आणि रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा) दोन्ही असते. तिच्यावर बहुधा तीन पिना असतात: दोन एसीच्या आणि एक ‘बी प्लस’, म्हणजे बॅटरीकडे जाणारी.

दुसरा प्रकार नुसत्या डायोडचा. डबी नाहीच. इंजिनमधून एक किंवा दोन वायरी येतात आणि एका वायरवर स्लीव्हखाली छोटा फुगवटा दिसतो, तो डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग. दोन वायरी असतील तर एक डीसी बॅटरीसाठी आणि दुसरी एसी दिव्यांसाठी. यात दिवे इंजिनच्या वेगाबरोबर कमी-जास्त होतात आणि इंजिन बंद झालं की विझतात. हा बिघाड नव्हे.

तिसरा प्रकार स्टार्टर-जनरेटर. इंजिनच्या बाजूला पट्ट्यावर फिरणारा लांबट दंडगोल, तोच सेल्फ मारतो आणि तोच डायनामोचं काम करतो. सोबत वेगळा रेग्युलेटर बॉक्स, आत रिले आणि पॉइंट. आपल्याकडचे मेकॅनिक ज्याला कटआउट म्हणतात, म्हणजे जनरेटर थांबला की बॅटरी त्यापासून तोडणारा रिले, तो यातच.

टप्पे २ ते ५ थोड्याफार फरकाने तिन्ही प्रकारांना लागू आहेत. ६ आणि ७ पहिल्या प्रकारासाठी आहेत. बाकी दोघांसाठी पुढे वेगळे भाग दिले आहेत.

## टप्पा २ : बॅटरी, पूर्ण चार्ज करूनच

अर्धवट उतरलेल्या बॅटरीवर चार्जिंगची चाचणी घेणं ही सर्वांत जास्त होणारी चूक आहे. उतरलेली बॅटरी व्होल्टेज खाली ओढून धरते, आणि वाटतं की चार्जिंगच येत नाही.

बॅटरी बाहेर काढून चार्जरवर लावा. गार्डन ट्रॅक्टरची बॅटरी छोटी असते, तिला मोटारीच्या चार्जरचा जोरदार करंट नको. क्षमतेच्या दहाव्या भागाइतका करंट सोसतो. ३० अँपिअर-तासाच्या बॅटरीला ३ अँपिअर, आणि रात्रभर धीर. झाकणं उघडणारी असतील तर आधी ॲसिडची पातळी बघा. प्लेट उघड्या पडल्या असतील तर त्या बुडतील एवढंच डिस्टिल्ड वॉटर घाला आणि उरलेलं चार्जिंग झाल्यावर. आधीच काठोकाठ भरलं तर चार्जिंगमध्ये ॲसिड उतू जातं.

चार्जर काढल्यावर लगेच मीटर लावू नका, कारण प्लेटवर वरवरचा चार्ज साचलेला असतो. काही तास थांबा, किंवा हेडलाइट दोन-तीन मिनिटं लावून बंद करा आणि थोड्या वेळाने मोजा.

- १२.६ व्होल्ट किंवा जास्त : पूर्ण चार्ज
- १२.४ : साधारण पाऊण
- १२.२ : निम्मी
- १२.० च्या खाली : जवळपास रिकामी

रात्रभर चार्ज करूनही १२.४ च्या वर जात नसेल तर बॅटरीवरच शंका घ्या. १०.५ च्या आसपास अडकून बसली असेल तर बहुधा सहापैकी एक सेल मेलेला आहे. हायड्रोमीटर असेल तर पूर्ण चार्ज सेलचं घनत्व १.२६५ च्या आसपास येतं. आकडा सगळीकडे थोडा कमी असेल तर चार्ज कमी आहे. एकच सेल बाकीच्यांपेक्षा ०.०५० ने मागे असेल तर बॅटरी बदलायचीच.

व्होल्टेज ठीक दिसला तरी बॅटरीत दम आहे का, हे ताणाखालीच कळतं. स्पार्क प्लगची वायर काढून तिचं टोक इंजिनच्या धातूला पक्कं लावा. तसंच हवेत लोंबतं ठेवलं तर इग्निशन कॉइलला धोका असतो. मीटर बॅटरीच्या टोकांवर लावून दहा सेकंद सेल्फ मारा. व्होल्टेज ९.६ च्या खाली जाता कामा नये. खाली गेला तर तीच चाचणी नक्की चांगल्या असलेल्या दुसऱ्या बॅटरीवर करा, कारण जाम झालेला सेल्फही व्होल्टेज पाडतो.

तपासा: बॅटरी या टप्प्यात नापास झाली असेल तर पुढे जाऊ नका. उसनी का होईना, चांगली बॅटरी लावा आणि मगच टप्पा ३.

## टप्पा ३ : जोडण्या आणि अर्थिंग

वीस-तीस वर्षं पावसापाण्यात आणि गवताच्या ओलसर भुशात काढलेल्या यंत्रात सर्वाधिक दोष इथे सापडतात. माझा आग्रह असा की वेळ द्यायचा असेल तर इथेच द्या.

बॅटरीची टोकं आणि थिंबल (वायरच्या टोकाची धातूची कडी) चकचकीत होईपर्यंत घासा. पांढरी-निळी बुरशी आली असेल तर खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, पण ते पाणी बॅटरीच्या सेलमध्ये जाऊ देऊ नका. थिंबलपासून बोटभर वायर वाकवून बघा. आत करकर आवाज आला किंवा वायर कडक लागली तर इन्सुलेशनखालचं तांबं हिरवं पडलंय. ती वायर बदला, वरून टेप गुंडाळून काही होत नाही.

आता अर्थिंग. बॅटरीच्या निगेटिव्हपासून चासीला एक वायर जाते, आणि इंजिन रबरी बुशवर बसवलेलं असेल तर चासीपासून इंजिनला दुसरी पट्टी. ही दुसरी पट्टी तुटलेली किंवा दुरुस्तीनंतर लावायचीच राहिलेली हमखास सापडते. रेग्युलेटरची डबी स्वतःच्या धातूच्या अंगातूनच अर्थ घेते. तिच्या बोल्टखाली रंग किंवा गंज असेल तर चार्जिंगचं सर्किट पूर्णच होत नाही. इंजिन नव्याने रंगवल्यावर चार्जिंग बंद पडलं, अशी तक्रार असेल तर थेट इथे या. डबी सोडा, तिची मागची बाजू आणि बसण्याची जागा दोन्ही उघड्या धातूपर्यंत घासा, दातेरी वॉशर घालून घट्ट करा.

डोळ्यांना स्वच्छ दिसलं म्हणजे झालं, असं नाही. मीटरने सिद्ध करा:

१. मीटर डीसी व्होल्टवर. एक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर (थिंबलवर नाही, खांबावरच), दुसरा इंजिनच्या उघड्या धातूवर.
२. प्लगची वायर अर्थ करून सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंग कमजोर.
३. प्लग परत जोडून इंजिन चालू करा, दिवे लावा. आता प्रोब निगेटिव्ह खांब आणि रेग्युलेटरची डबी यांवर. ०.१ व्होल्टच्या आत हवं. ०.२ च्या वर गेलं तर परत घासायला घ्या.

इथे ओहम रेंजवर विसंबू नका. दहापैकी नऊ तारा तुटलेली वायरसुद्धा ओहमवर शून्य दाखवते. करंट वाहत असतानाच ती उघडी पडते.

शंका राहिलीच तर क्लिपवाली वायर घेऊन रेग्युलेटरची डबी थेट बॅटरीच्या निगेटिव्हला जोडा. चार्जिंग सुरू झालं तर दोष सापडला. कायमची वेगळी वायर टाका.

## टप्पा ४ : चालू इंजिनवरचा व्होल्टेज

मीटर बॅटरीच्या दोन खांबांवर. इंजिन बंद असतानाचा आकडा लिहा. मग इंजिन चालू करून थ्रॉटल पूर्ण वर न्या. या इंजिनांचा पूर्ण वेग साधारण ३,२०० ते ३,६०० आरपीएम असतो आणि कारखान्याने दिलेले चार्जिंगचे आकडे त्याच वेगाचे असतात. मंद चालीवर मोजून ‘चार्जिंग नाही’ म्हणणं ही दुसऱ्या क्रमांकाची चूक.

आकडे नाचत असतील तर मीटरच्या वायरी प्लगच्या वायरपासून लांब धरा. इग्निशनच्या लहरींनी स्वस्त डिजिटल मीटर भरकटतात.

रेग्युलेटर असलेल्या पद्धतीत दोन-चार मिनिटांत काय दिसतं ते असं वाचा:

- १३.८ ते १४.७ : चार्जिंग उत्तम. तरी बॅटरी उतरत असेल तर ‘चार्जिंग ठीक’ने सुरू होणारे पुढचे दोन भाग वाचा.
- बंद इंजिनाएवढाच, किंवा हळूहळू घसरणारा : चार्जिंग येत नाही. टप्पा ५.
- १३ च्या आसपास रेंगाळणारा : दिवे आणि पात्यांचा विजेवरचा क्लच बंद करून परत मोजा. तरीही तसाच असेल तर एखादी जोडणी खराब आहे किंवा कॉइल अशक्त आहे.
- १५ च्या वर : ओव्हरचार्ज. इंजिन बंद करा, टप्पा ७ पाहा.

## टप्पा ५ : रेग्युलेटरपासून बॅटरीपर्यंतची वाट

बी प्लसची वायर सरळ बॅटरीला जाते असं गृहीत धरू नका. बऱ्याच जुन्या ट्रॅक्टरवर ती फ्यूज, डॅशबोर्डवरचा अँपिअर मीटर आणि इग्निशन स्विच अशी फिरून जाते. वाटेत कुठेही खंड पडला तर कॉइल आणि रेग्युलेटर ठणठणीत असूनही बॅटरीला काही मिळत नाही.

इंजिन बंद, चावी ‘रन’वर. रेग्युलेटरचा प्लग काढून बी प्लसच्या वायरच्या टोकावर बॅटरीएवढा व्होल्टेज येतो का ते बघा. मग त्याच टोकापासून अर्थला टेस्ट लॅम्प लावा. लॅम्प लख्ख पेटला पाहिजे. मीटरवर १२ व्होल्ट दिसतात पण लॅम्प मंद पेटतो, म्हणजे वाटेत कुठेतरी जोडणी जेमतेम टेकलेली आहे. फ्यूजची पकड गंजलेली, अँपिअर मीटरच्या मागचा नट सैल, किंवा स्विचची पिन काळी पडून प्लास्टिक वितळलेलं, या तिघांपैकी एक.

हा व्होल्टेज यायला हवा याचं आणखी एक कारण आहे. बहुतेक रेग्युलेटर बॅटरीचा व्होल्टेज ‘जाणवल्याशिवाय’ सुरूच होत नाहीत. म्हणून साफ मेलेल्या बॅटरीवर दुसऱ्या गाडीने स्टार्ट करून दिल्यावर चार्जिंग दिसत नाही.

सावधान: स्विच बदलायचा झाला तर ‘दिसायला सारखा आणि पिना पाच’ एवढ्यावर घेऊ नका. मॅग्नेटो इग्निशनचा (बॅटरीशिवाय ठिणगी देणाऱ्या पद्धतीचा) स्विच बंद करताना एक पिन अर्थ करतो. बॅटरी इग्निशनचा स्विच चालू करताना त्याच जागेवर १२ व्होल्ट देतो. चुकीचा स्विच लावला तर मॅग्नेटोच्या किल-वायरमध्ये (इंजिन बंद करणाऱ्या वायरमध्ये) १२ व्होल्ट जाऊन इग्निशन कॉइल जळते.

## टप्पा ६ : चार्जिंग कॉइल

इंजिन बंद करून रेग्युलेटरचा प्लग काढा. कॉइलच्या दोन वायरी मोकळ्या दिसतील. मीटर एसी व्होल्टवर करा. डीसीवर ठेवून शून्य वाचणारे आणि चांगली कॉइल बाद करणारे अनेक आहेत. इंजिन चालू करून पूर्ण वेगावर न्या आणि त्या दोन वायरींमध्ये मोजा. वायरी एकमेकींना किंवा इंजिनला टेकू देऊ नका.

किती यायला हवं ते कॉइलच्या क्षमतेवर ठरतं. जुन्या कोहलर इंजिनांच्या १५ अँपिअर पद्धतीत २८ व्होल्ट किंवा जास्त हवेत. इतरांत साधारण २० ते ३० किंवा त्याहून जास्त. नेमका आकडा इंजिनच्या पुस्तिकेत मिळतो, आणि ती इंजिनच्या मॉडेल क्रमांकावरून शोधा, ट्रॅक्टरच्या नव्हे. एकाच ट्रॅक्टरवर वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळी इंजिनं बसलेली असतात.

आकड्याइतकंच त्याचं वागणं महत्त्वाचं आहे. थ्रॉटल वाढवला की व्होल्टेज एकसारखा वाढला पाहिजे. मंद चालीवर ठीक आणि वेगात पडतो, किंवा थरथरतो, तर कॉइलची वायर कुठेतरी हलतेय.

व्होल्टेज शून्य किंवा फार कमी आला तर इंजिन बंद करून दोन चाचण्या करा. पहिली, दोन वायरींमधला विरोध. हा फारच कमी असतो, १५ अँपिअरच्या कॉइलमध्ये ०.१ ते ०.२ ओहम. साध्या मीटरला तो नीट मोजता येत नाही, म्हणून इथे फक्त एवढंच बघा की सर्किट तुटलेलं नाही. ‘ओहम जवळजवळ शून्य आला म्हणजे कॉइल शॉर्ट आहे’ हा निष्कर्ष चुकीचा आहे. दुसरी, प्रत्येक वायर आणि इंजिनचा धातू यांच्यात. इथे काहीही वाहता कामा नये. वाहत असेल तर कॉइल अर्थला शॉर्ट आहे.

सावधान: ही दुसरी चाचणी फक्त दोन एसी वायरी असलेल्या कॉइलसाठी. डायोडवाल्या काही कॉइलचं एक टोक कारखान्यातूनच अर्थ केलेलं असतं.

कॉइल बाद ठरवण्याआधी तिच्या वायरी फ्लायव्हीलच्या आवरणाखालून बाहेर येतात ती जागा नीट बघा. पत्र्याच्या धारेवर घासून इन्सुलेशन फाटलेलं असतं, किंवा उंदरांनी आवरणाखाली घर करून वायर कुरतडलेली असते. ही दुरुस्ती फ्लायव्हील न काढता होते. फ्लायव्हील काढावंच लागलं तर योग्य पुलर वापरा, हातोड्याने ठोकू नका, आणि आतले मॅग्नेट सुटलेले किंवा तडकलेले नाहीत ना तेही बघून घ्या.

## टप्पा ७ : आता रेग्युलेटर

बॅटरी पास, अर्थिंग पास, बी प्लसवर बॅटरीचा व्होल्टेज पोहोचतोय, कॉइलचा एसी पुरेसा, आणि तरीही चार्जिंग नाही. आता रेग्युलेटर बदला.

रेग्युलेटरच्या पिनांमध्ये ओहम मोजून निकाल लावण्याचे तक्ते फिरत असतात. त्यांवर पैसे खर्च करू नका. आतल्या सर्किटमुळे प्रत्येक मीटर वेगळा आकडा दाखवतो.

ओव्हरचार्ज असेल तर आधी डबीचं अर्थिंग परत तपासा आणि दुसऱ्या मीटरने आकडा पडताळा. दोन्ही ठीक असून १४.७ च्या बराच वर जात असेल तर रेग्युलेटर गेलाय. तो तसाच चालवला तर बॅटरीचं पाणी आटतं, सडक्या अंड्यासारखा वास येतो आणि बल्ब एकामागून एक उडतात.

नवा घेताना अँपिअर जुळवा आणि पिनांची मांडणी जुळवा. बऱ्याच तीन-पिनांच्या डब्यांत बी प्लस मध्ये आणि एसी दोन्ही कडांना असतात. सगळ्यांत तसं असेलच असं नाही, म्हणून डबीवर कोरलेली अक्षरं वाचा. दोन एसी वायरींची अदलाबदल चालते. एसी आणि बी प्लसची अदलाबदल झाली तर नवी डबी तिथल्या तिथे जळते. बॅटरी उलटी जोडली गेली तरी तेच.

## नुसत्या डायोडची पद्धत असेल तर

इथे व्होल्टेजवरून निकाल लागत नाही, करंट मोजावा लागतो. इंजिनमधून येणाऱ्या डीसी वायरचा प्लग सोडा. मीटर १० अँपिअरच्या रेंजवर घ्या, लाल प्रोबही मीटरच्या १० अँपिअरच्या खाचेत घाला. लाल टोक इंजिनच्या वायरला, काळं बॅटरीच्या पॉझिटिव्हला. इंजिन पूर्ण वेगावर. ३ अँपिअरच्या पद्धतीत बॅटरीच्या स्थितीनुसार साधारण २ ते ४ अँपिअर दिसतील.

सावधान: सेल्फच्या जाड केबलमध्ये हा मीटर कधीही जोडू नका. तिथे शंभराच्या पुढे अँपिअर वाहतात.

करंट शून्य असेल तर डायोडच्या आधीच्या बाजूला एसी मोजा. तिथे व्होल्टेज येत असेल तर डायोड गेला. डायोडची थेट चाचणीही सोपी आहे: वायर मोकळी करून मीटर डायोड रेंजवर, एका दिशेने ०.४ ते ०.७ दिसायला हवं, प्रोब उलटे केले की काहीच नाही. दोन्ही दिशांना वाहतोय म्हणजे शॉर्ट, आणि मग उभ्या ट्रॅक्टरची बॅटरी कॉइलमधून रात्रभर रिकामी होत राहते. नवा डायोड लावताना पट्टीची बाजू बॅटरीकडे.

## स्टार्टर-जनरेटर असेल तर

आधी पट्टा. अंगठ्याने दाबून ढिला लागला तर बाकी काहीच तपासू नका. मग कार्बन ब्रश आणि ते ज्यावर घासतात तो तांब्याचा गोल, म्हणजे कम्युटेटर. ब्रश आखूड झालेले, स्प्रिंग अडकलेली, कम्युटेटर काळा आणि तेलकट, हे तीन दोष नेहमीचे. कम्युटेटर बारीक पॉलिश पेपरने साफ करा. एमरी पेपर नको, त्याची पूड वीजवाहक असते आणि खाचांत बसते.

ज्या जनरेटरचं फील्ड (चुंबकत्व देणारी कॉइल) रेग्युलेटरमधून अर्थ होतं (डेल्को-रेमीचे बहुतेक असेच), त्यात जनरेटर दोषी की रेग्युलेटर, हे असं ठरवा: रेग्युलेटरची ‘एफ’ वायर सोडा, इंजिन मध्यम वेगावर ठेवा आणि जनरेटरचं एफ टोक क्षणभर अर्थ करा. डॅशबोर्डचा काटा चार्जच्या बाजूला उसळला तर जनरेटर चांगला आणि दोष रेग्युलेटरमध्ये. काटा हलला नाही तर जनरेटरमध्ये. दोन-तीन सेकंदांहून जास्त धरू नका, त्या वेळी आउटपुटवर कोणाचंच नियंत्रण नसतं.

मंद चालीवर काटा डिस्चार्जकडे झुकणं या प्रकारात साहजिक आहे. इंजिन बंद केल्यावरही काटा जोरात डिस्चार्ज दाखवत राहिला तर मात्र लगेच बॅटरीची निगेटिव्ह काढा. कटआउटचे पॉइंट चिकटलेत आणि बॅटरी जनरेटरमध्ये रिती होते आहे.

जनरेटर उघडला, रेग्युलेटर बदलला किंवा बऱ्याच दिवसांनी यंत्र बाहेर काढलं तर ध्रुवता द्यावी लागते, म्हणजे प्लस-मायनसची दिशा ठरवून द्यावी लागते. वरच्याच प्रकारात, इंजिन बंद ठेवून, रेग्युलेटरची ‘बॅट’ आणि ‘जेन’ ही टोकं वायरने क्षणभर टेकवा. बारीक ठिणगी उडते, तेवढं पुरे. ही पायरी राहिली की दुरुस्त झालेला जनरेटरही उलट्या ध्रुवतेने चालू शकतो आणि पॉइंट जाळू शकतो.

## चार्जिंग ठीक, तरी रात्रीत बॅटरी उतरते

चावी बंद. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून तिच्या आणि खांबाच्या मध्ये मीटर अँपिअरवर जोडा. मीटर जोडलेला असताना चावीला हात लावू नका. जुन्या ट्रॅक्टरवर घड्याळ, सेन्सर असलं काही नसतं, म्हणून करंट जवळपास शून्य हवा. काही मिलिअँपिअरपेक्षा जास्त दिसला तर रेग्युलेटरचा प्लग काढा. आकडा शून्यावर आला तर रेग्युलेटरच गळतोय. नाही आला तर फ्यूज, स्विच, मागाहून जोडलेले दिवे अशी एकेक वाट सोडत जा.

## चार्जिंग ठीक, गळतीही नाही, तरी बॅटरी पुरत नाही

मग हिशेब करा. सेल्फने १५० अँपिअर पाच सेकंद घेतले तर ते भरून काढायला ३ अँपिअरच्या पद्धतीला चार मिनिटांच्या वर पूर्ण वेग लागतो, आणि चार्जिंगमधली तूट धरली तर आणखी. त्यात पात्यांचा विजेवरचा क्लच चालू असताना सतत ३ ते ४ अँपिअर खातो. २७ वॉटचे दोन हेडलाइट मिळून साडेचार. म्हणजे छोट्या पद्धतीवर क्लच आणि दिवे दोन्ही चालू ठेवले की ट्रॅक्टर चालत असतानाच बॅटरी उतरत असते, आणि यंत्रणेत एकही दोष नसतो. मागाहून क्लच किंवा जादा दिवे बसवलेल्या ट्रॅक्टरवर हे नेहमी दिसतं.

यावर उपाय तीनच. बॅटरीवरचे दिवे एलईडी करा (वेगळ्या एसी वायरवरचे दिवे बॅटरीवर भार टाकतच नाहीत, आणि तिथे डीसीचा एलईडी चालणार नाही). ट्रॅक्टर चालताना मंद चालीवर न ठेवता पूर्ण थ्रॉटलवर चालवा. किंवा त्याच इंजिनासाठी मोठ्या क्षमतेची कॉइल आणि तिचा रेग्युलेटर, दोन्ही एकत्र बसवा. त्यासाठी फ्लायव्हीलचे मॅग्नेटही त्या कॉइलला जुळणारे हवेत. नुसता १५ अँपिअरचा रेग्युलेटर ३ अँपिअरच्या कॉइलला लावून करंट वाढत नाही.

## दुरुस्तीनंतर

बॅटरी पुन्हा बाहेरच्या चार्जरने पूर्ण भरा. रिकामी बॅटरी भरण्याचं काम ट्रॅक्टरवर सोपवलं तर नवी डबी आणि कॉइल तासन् तास तापत राहतात. मग टप्पा ४ परत करा, एकदा दिवे-क्लच बंद ठेवून आणि एकदा दोन्ही चालू करून. दोन्ही आकडे तारखेसह बॅटरीच्या झाकणावर किंवा वहीत लिहा. एक रात्र ट्रॅक्टर उभा ठेवून सकाळी इंजिन चालू करण्याआधी बॅटरी मोजा. १२.५ च्या वर असेल तर पाने आवरायला हरकत नाही. खाली असेल तर गळतीच्या चाचणीपासून पुन्हा सुरू करा.